तलासरीच्या डोंगरावरचा रानउडीद

रानउडदाचं बी किती बारीक असतं, हे उडदाची आमटी रोज खाणाऱ्यालाही सांगून पटत नाही. मोहरीहून थोडं मोठं, मळकट काळं, चमक अजिबात नाही. असं चिमूटभर बी गेल्या वर्षी डहाणूच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या रमेश धोडी सरांनी मला पुण्याला पाठवलं, आणि त्यातून जे निघालं त्यामुळे या ऑक्टोबरात मला स्वतः उठून तिकडे जावं लागलं. एरवी मी प्रयोगशाळेतून हलत नाही. बी गोळा करणारे वेगळे, ते दळणारी मी.

दळते म्हणजे खरोखरच दळते. प्रत्येक बी ही कोवळ्या रोपासाठी बांधून दिलेली शिदोरी असते, आणि त्या शिदोरीतली प्रथिनं त्या रोपाच्या घराण्याची असतात. बियांचं पीठ करायचं, ते विरघळवायचं, पातळ चकतीसारख्या जेलच्या एका टोकाला घालायचं आणि वीज सोडायची. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे अडखळतात. मग निळा रंग दिला की एकाखाली एक आडव्या रेघा उमटतात. पाऊस कमी झाला, जमीन हलकी निघाली, तरी त्या रेघा सहसा बदलत नाहीत. म्हणून त्यांच्यावरून नातं लावता येतं.

आपल्या शेतातल्या उडदात अशा रेघांचे दोन नमुने मला दिसत होते. पहिला नमुना रानउडदात पूर्वीच सापडलेला होता. म्हणजे तो कुठून आला ते साधारण कळत होतं. दुसरा मात्र मी तपासलेल्या कुठल्याच रानबियांत नव्हता. जणू अर्ध्या घराण्याचं मूळ गावच हरवलं होतं. धोडी सरांच्या पाकिटातल्या बियांमध्ये तो दुसरा नमुना उमटला. मी आनंदाने उडी मारली, आणि लगेच घाबरले. बी संपलं होतं. पुन्हा तपासायला काही उरलं नव्हतं. आणि सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता: हा रानउडीदच कशावरून? कुणाच्या तरी शेतातून निसटून डोंगरावर गेलेला साधा उडीद असेल तर?

याचं उत्तर त्या डोंगरावरच मिळणार होतं.

चिखले

डहाणू स्टेशनवर धोडी सर त्यांची जुनी गाडी घेऊन आले होते. चाळिशीचे, सडपातळ, हळू बोलणारे. मुक्काम त्यांनी चिखल्याला, त्यांच्या मित्राची आत्या हिराबाई यांच्याकडे ठरवला होता. घराच्या मागे सुरूची झाडं, त्यांच्या पलीकडे वाळू, आणि वाळूवर बांबूच्या लांबच लांब मांडवावर जबडे अडकवून सुकत घातलेले बोंबील. वास अंगावर धावून येतो. अर्ध्या तासाने तो कळेनासा होतो, आणि मग आपल्या कपड्यांनाही येऊ लागतो.

हिराबाईंनी तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि मी उडदाच्या कामाला आले म्हणून मुद्दाम उडदाची आमटी केली होती. आमच्या पुण्याकडच्या घरी उडीद म्हणजे पापड नाहीतर इडली. इथे तो भाताबरोबरचं रोजचं जेवण आहे.

"डोंगरातला उडीद शोधायला एवढ्या लांब?" हिराबाई म्हणाल्या. "सापडला की काय करणार?"

"त्याची प्रथिनं बघणार."

"आणि मग?"

मी सांगायला सुरुवात केली तोच धोडी सरांना तलासरीकडच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. ते उठून अंगणात गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"डोंगरावर गवत कापायला सुरुवात झाली," ते म्हणाले. "मला वाटलं होतं अजून आठवडा आहे. व्यापाऱ्याचा ट्रक लवकर यायचाय म्हणे."

रानउडदाची वेल गवतावरच चढते. गवत कापलं की वेलही विळ्याखाली जाते, आणि कुठल्या तरी गोठ्यातल्या म्हशीच्या पोटात तिची गोष्ट संपते. त्यात ऑक्टोबरचं ऊन. रानातल्या शेंगा पिकल्या की शेतातल्यांसारख्या वाट बघत थांबत नाहीत, तडकतात आणि बी लांब उडवतात. विळा, ऊन आणि आम्ही, अशी ती शर्यत होती.

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

तलासरी

सकाळी हायवेला लागलो तेव्हा ट्रकांची रांग गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडच्या दिशेने सरकत होती. तलासरीच्या अलीकडे आम्ही आत वळलो. दोन्ही बाजूंना पिवळं भात, कापणीला वाकलेली माणसं, मध्येच ताडाची झाडं. ज्या पाड्याच्या डोंगरावर जायचं होतं तो पाडा म्हणजे धोडी सरांच्या बायकोचं माहेर. गेल्या वर्षी सासुरवाडीला आले असताना त्यांनी फिरता फिरता ते बी वेचलं होतं.

पाड्याकडे जाणारा फाटा आला. सरांनी गाडी हळू केली, घड्याळाकडे पाहिलं आणि सरळ डोंगराकडे घातली.

"आधी वर जाऊ," ते म्हणाले. "घरी गेलो तर चहा, जेवण, दुपार होईल."

डोंगराच्या पायथ्याशी पिवळा रंग दिलेले दगड ओळीने रोवलेले होते. सर थबकले. "हे मागच्या वेळी नव्हते," एवढंच म्हणाले.

वरचा अर्धा उतार कापून झाला होता. बायका ओळीने खाली सरकत होत्या, विळ्यांचा एकसारखा खसखस आवाज येत होता. खालच्या उंच गवतात शिरल्यावर सरांनी मला पहिली वेल दाखवली. हिरवट पिवळं बारीक फूल, शेंगांवर दाट तपकिरी लव, आणि खोड गवताच्या काडीला पीळ घालून वर चढलेलं. जे मी वर्षानुवर्षं दळत होते ते पहिल्यांदाच जिवंत पाहत होते. एक पिकलेली शेंग मी घाईने धरली. ती माझ्या बोटांतच तडकली, कवच दोन पिळांत उलटलं आणि बी दगडांत कुठेतरी गेलं. तळव्यावर एकही दाणा उरला नाही.

"ओली फडकी घ्या," सर म्हणाले. "आणि आधी वेली शोधून खुणा करू, मग एकेक घेऊ."

माझ्या पिशवीत लाल फीत होती. प्रत्येक वेलीचं बी वेगळं ठेवायचं तर खूण हवीच. मी भराभर फिती बांधत सुटले, आणि कामाच्या नादात विळ्यांचा आवाज कधी थांबला ते मला कळलंच नाही. मान वर केली तेव्हा सगळ्या बायका उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. एक जण झपाझप पाड्याकडे उतरत होती.

थोड्याच वेळात खालून पुरुष आले. सगळ्यांत पुढे तिशी-पस्तिशीचा एक दणकट माणूस, अंगावर कारखान्याचा निळा शर्ट. तो धोडी सरांचा मेहुणा सुरेश. वापीला कामाला जाणारा, पाड्यात सगळे ज्याचं ऐकतात असा. त्याने सरांकडे बघितलंही नाही. वाकून एका वेलीची फीत बोटाने उचलली.

"ही कोणी बांधली?"

"मी," मी म्हणाले.

"कशाला?"

"खूण म्हणून. या वेलीचं बी..."

"मोजणीवाल्यांनीही खूणच सांगितली होती. झाडांना लाल फीत, खाली पिवळे दगड. नंतर कळलं, मुरुमासाठी डोंगर जाणार." तो माझ्याजवळ आला. "तुझ्या हातातला फोन कशाला चालू आहे? जागा टिपतेस ना?"

जागा टिपतच होते. प्रत्येक वेलीचं ठिकाण नोंदवावं लागतं. मी "हो" म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्यांमध्ये एकदम आवाज उठला. ते आपसांत त्यांच्या वारली बोलीत बोलत होते. मला शब्द कळत नव्हते, राग कळत होता.

सुरेश आता सरांकडे वळला. "दाजी, तू आधी घरी आला नाहीस. आईला न भेटता सरळ डोंगरावर. आम्हाला काय समजायचं?"

सरांच्या हातातली गाडीची किल्ली सुरेशने शांतपणे घेतली आणि खिशात टाकली.

अंगणात

आम्हाला पाड्यात नेलं. कुणी हात लावला नाही, शिवी दिली नाही. सुरेशच्या अंगणात खाटेवर बसवलं आणि सगळे भोवती बसले. सरांच्या सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणून मध्ये ठेवलं, जावयाशी एक शब्द न बोलता आत गेल्या. सरांनी पाण्याला हात लावला नाही. मलाही धीर झाला नाही.

डोंगरावर विळे पुन्हा सुरू झाले होते. अंगणातून ते ऐकू येत होते.

इथे सगळे मला "तू" म्हणत होते. वारलीत मोठ्यांनाही तसंच म्हणतात हे मला नंतर कळलं. त्या वेळी प्रत्येक "तू" कानशिलात बसल्यासारखा वाटत होता.

"तू सरकारची आहेस का?" सुरेशने विचारलं.

"प्रयोगशाळा सरकारच्या पैशावर चालते."

पुन्हा कुजबुज. सर डोळे मिटून बसले. मी घाईने म्हणाले, "घरात उडीद असेल तर मूठभर द्या. मी दाखवते."

एका म्हाताऱ्याने मान हलवली तेव्हा कुणीतरी सुपात उडीद आणला. मी फडक्यात जमवलेल्या दोन-तीन शेंगा त्याच्या शेजारी ठेवल्या. शेतातला दाणा टपोरा, रानातला त्याच्या पावपटही नाही. मी सांगितलं, की हे दोघे भाऊबंद आहेत. फार पूर्वी कुणीतरी रानातला उडीद वेचून पेरला, पेरत राहिलं, आणि त्याचा हा झाला. तो कुठल्या डोंगरावरून उतरला ते बियांतल्या प्रथिनांवरून शोधता येतं. पंचाईत एवढीच, की हा डोंगरावरचा उडीद मुळातच रानातला आहे की तुमच्या शेतातून वर गेला आहे, ते मला माहीत नाही. त्यासाठी दोन्हींचं बी हवं.

सुरेशने तो बारीक दाणा तळव्यावर घेतला. बराच वेळ बघितला.

"समजा तुझं खरं निघालं. हा आपल्या उडदाचा पूर्वज निघाला. मग डोंगर राहतो की जातो?"

सगळ्यांना यायचं होतं ते याच प्रश्नापाशी. धोडी सर माझ्याकडे झुकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "राहतो म्हणा, मॅडम. सुटू."

मला ते म्हणता आलं असतं. किल्ली परत मिळाली असती, उरलेला दिवस मिळाला असता, आणि त्यात सरळसरळ खोटं असंही काही नव्हतं. कदाचित राहिलाही असता. पण समोर बसलेल्या माणसांना याआधी बरंच काही "होईल" म्हणून सांगितलं गेलं होतं, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी डोंगर वाचवायला आलेले नाही. मला याचं बी हवंय म्हणून आले. मी लिहिलेल्या कागदामुळे कुणी मुरूम काढायचा थांबेल असं वचन मी देऊ शकत नाही."

सरांनी श्वास सोडला. मागे एक माणूस उठून उभा राहिला आणि मोठ्याने काहीतरी बोलला. दुसरा त्याला खाली बसवत होता. सुरेश माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "मोजणीवाल्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, तुमचा फायदाच होईल." मग तो आतल्या आत हसल्यासारखा वाटला. "पहिल्यांदाच कोणी माहीत नाही म्हणालं."

ते आपसांत बोलले. बरंच बोलले. मग सुरेशने अटी सांगितल्या. एकही फीत डोंगरावर राहता कामा नये, आणि ती मीच, सगळ्यांसमोर सोडायची. जागा टिपायची नाही. जे बी मिळेल त्याचं निम्मं इथे राहील.

फिती गेल्या तर वेलींची ओळख जाणार होती. जागा न टिपलेलं बी आमच्या शास्त्रात अर्धं लंगडं. मी "चालेल" म्हणाले.

उतार

आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि खालचा पट्टाही निम्म्याहून जास्त कापला गेला होता. माझ्या ज्या वेलींना फिती होत्या त्यांतल्या बऱ्याच गवताच्या पेंढ्यांतून बाहेर लोंबत होत्या. त्या सोडवताना रडू आलं. सगळे बघत होते म्हणून आवरलं.

"इकडे नको शोधू," सुरेश अचानक म्हणाला. "गवत संपतं तिथे खडक आहे. विळा चालत नाही."

डोंगराच्या कडेला काळ्या खडकांच्या भेगांत गवताचे झुबके उरले होते, आणि त्यांवर वेली होत्या. शेंगा काळ्या पडल्या होत्या, काही तडकून रिकाम्या पिळलेल्या. मी ओलं फडकं शेंगेभोवती गुंडाळून हळूच तोडायला लागले. दुसऱ्या झुबक्याकडे हात घातला आणि सुरेशने माझं मनगट इतक्या जोरात मागे ओढलं की मी पडले. भेगेत, माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर, मातकट रंगाचं वेटोळं अंगावरचे खवले एकमेकांवर घासत होतं. तव्यावर पाणी पडल्यासारखा आवाज. फुरसं.

कुणीच हललं नाही. बऱ्याच वेळाने ते भेगेत आत सरकलं.

"तो झुबका त्याला राहू दे," सुरेश म्हणाला.

त्यानंतर तो काठीने आधी भेग हलवायचा आणि मग मला पुढे येऊ द्यायचा. धोडी सर मागून पाकिटं धरून चालत होते. मेहुणे-मेहुणे शेजारी असूनही एकमेकांशी बोलत नव्हते. उजेड होता तोवर आम्ही वेचलं. खाली उतरल्यावर सुपात दोन वाटे केले. माझ्या वाट्याला ओंजळ भरेल एवढंही आलं नाही. सुरेशने त्यात आपल्या शेतातल्या उडदाची एक पुरचुंडी घातली आणि किल्ली सरांच्या हातात न देता गाडीच्या टपावर ठेवली.

अच्छाड

हायवेला लागल्यावर सरांनी गाडी चिखल्याकडे न घेता उलट अच्छाडकडे नेली आणि ट्रकांच्या गर्दीत एका ढाब्यापाशी उभी केली. "लगेच परत नको," ते म्हणाले.

"बेन, शुं आपुं?" ढाब्यावाल्याने गुजरातीत विचारलं, काय देऊ म्हणून. मी दोन चहा सांगितले. चहा आला, आणि सरांचा फोनही. बायकोचा. तिला माहेरून सगळं आधीच कळलं होतं.

"ती म्हणते, तुमच्यामुळे मला माहेर तुटलं तर?" फोन ठेवून ते म्हणाले. "मॅडम, बी खराब निघालं तरी एक वेळ चालेल. हे नाही चालणार."

आम्ही चहा पिऊन निघालो.

पुणे

जेल लावायला मी आठवडाभर धजले नाही. बी थोडं, हात चुकला तर सगळं गेलं. शेवटी एका सकाळी दार लावून बसले. एका बाजूला डोंगरावरचं बी, दुसऱ्या बाजूला सुरेशच्या शेतातला उडीद. रंग दिला, धुतला, आणि दिव्यावर चकती धरली.

सुरेशच्या उडदात पहिला नमुना होता. डोंगरावरच्या जवळजवळ सगळ्या बियांत दुसरा. मी रेघा पुन्हा मोजल्या. शेतातून निसटून वर गेला असता तर वरही पहिलाच दिसला असता. हा आपापला, वेगळा, त्या खडकांतला रानउडीदच होता. उडदाच्या घराण्याच्या हरवलेल्या अर्ध्याचं मूळ गाव हेच, असं मी म्हणणार नाही. पण त्या गावाची वाट इकडून जाते, एवढं नक्की.

मी धोडी सरांना फोन केला. ते "अरे वा" म्हणाले, एवढंच. त्यांच्यासाठी सासुरवाडीचं दार अजून बंदच होतं. चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, सुरेश बोलतोय. दाजीने बहिणीला सांगितलं, तिने मला. तलासरीला साहेबांसमोर डोंगराच्या मुरुमाची सुनावणी आहे. तू येतेस?"

पुन्हा तलासरी

कचेरीच्या बाकावर पाड्यातली वीसेक माणसं होती. धोडी सर एका टोकाला, सुरेश दुसऱ्या. साहेबांनी माझं ऐकून घेतलं, चकतीचा फोटो उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे हा उडीद दुसरीकडे कुठेच नाही, असंच ना?"

सुरेश माझ्याकडे बघत होता.

"आतापर्यंत मला फक्त इथे सापडलाय," मी म्हणाले. "दुसरीकडे नाहीच, असं मी म्हणू शकत नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. डोंगराची पाहणी होईपर्यंत खोदकाम सुरू करू नये, असं त्यांनी तोंडी सांगितलं. पाहणी कधी ते सांगितलं नाही. हे लिहीत असतानाही डोंगर उभा आहे, आणि पिवळे दगडही.

बाहेर आल्यावर सुरेश चिडला होता. "नाहीच म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"उद्या कुणीतरी दुसरीकडून एक वेल आणून टेबलावर ठेवली असती. मग तुमचं बाकीचं खरंही कुणी ऐकलं नसतं."

त्याने रस्ता ओलांडला, रिक्षा थांबवली, मागे वळून तो म्हणाला, "चल, आई जेवायला थांबलीय." आणि थोडं थांबून, सरांकडे न बघता, "दाजी, तू पण."

सासूबाईंनी चुलीजवळ पानं मांडली होती. पहिली भाकरी त्यांनी जावयाच्या पानात घातली. सर मान खाली घालून बसले होते. म्हातारीने त्यांच्यापुढे उकिडवं बसून, पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहत विचारलं, "माझ्या पोरीला का नाही आणलंस?"

"उद्या आणतो," सर म्हणाले. त्यांनी भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला.